शब्दचर्चा : 'कॅरोसेल'ला 'रहाटपाळणा' म्हणता येईल का?

प्रश्न

जुने, पुन्हा चालते केलेले कॅरोसेल (लाकडी घोड्यांवर बसून गोल फिरण्याची करमणुकीची साधने) पाहत हिंडणाऱ्या आणि त्यांचा इतिहास जाणून घेऊ इच्छिणाऱ्या वाचकांसाठी मी एक लेख लिहीत आहे. त्यात तीन ठिकाणी अडचण येते आहे. मूळ वस्तूला 'रहाटपाळणा' म्हणावे का? 'रिस्टोरेशन'साठी 'जीर्णोद्धार' योग्य की 'नूतनीकरण'? आणि घोड्याच्या ज्या बाजूवर कोरीव काम अधिक असते तिला अमेरिकेतील जाणकार 'रोमान्स साइड' म्हणतात, तिला काय म्हणावे? मला 'शृंगारबाजू' सुचला, पण तो कानाला खटकतो.

पहिले उत्तर

'रहाटपाळणा' येथे चालणार नाही. रहाटाचा आस आडवा असतो आणि त्याचे पोहरे खालून वर जाऊन पुन्हा खाली येतात, म्हणूनच वरखाली फिरणाऱ्या पाळण्याला ते नाव मिळाले. कॅरोसेलचा आस उभा असतो आणि त्याभोवती घोड्यांसह सबंध मंच आडवा फिरतो. 'चक्री' हा शब्द त्या मानाने जवळचा आहे, परंतु त्यात घोडा नाही, आणि घोडा वगळला तर या वस्तूचा इतिहासच वगळला जातो.

फ्रेंचमध्ये 'कारूझेल' म्हणजे आधी घोडेस्वारांच्या कसरतींचा दरबारी सोहळा. चौदाव्या लुईने युवराजाच्या जन्मानिमित्त जून १६६२ मध्ये असा सोहळा भरवला आणि तो ज्या जागी झाला तिला पॅरिसमध्ये आजही 'प्लास द्यु कारूझेल' म्हणतात. अशा सोहळ्यांत भरधाव घोड्यावरून टांगलेली कडी भाल्याच्या टोकाने उचलण्याचा खेळ असे. त्याच्या सरावासाठी फिरत्या दांड्यांना लाकडी घोडे जोडले जाऊ लागले आणि पुढे सरावाचे साधनच करमणुकीचे झाले. ऑस्ट्रियात या वस्तूला 'रिंगेलश्पील' (शब्दशः 'कडीचा खेळ') असे नाव आहे, त्यातही ही कडी शिल्लक आहे. शब्दाइतकाच खेळही टिकून आहे. अमेरिकेतील ओक ब्लफ्स येथील 'फ्लाइंग हॉर्सेस' हा १८७६ चा कॅरोसेल १८८४ मध्ये कोनी आयलंडहून तेथे हलवण्यात आला. त्याचे घोडे वरखाली होत नाहीत, पण स्वार फिरता फिरता हात लांबवून कड्या ओढून घेतात आणि ज्याच्या हाती पितळी कडी येते त्याला पुढची फेरी फुकट मिळते. कॅलिफोर्नियातील सांता क्रूझच्या १९११ च्या कॅरोसेलवर तर ओढलेल्या कड्या विदूषकाच्या चित्राच्या उघड्या तोंडात फेकायच्या असतात.

म्हणून माझे मत असे की 'कॅरोसेल' हाच शब्द ठेवावा आणि पहिल्या उल्लेखात 'लाकडी घोड्यांची चक्री' असा खुलासा करावा.

दुसरे उत्तर

वरील मताशी मी सहमत आहे. दुसऱ्या शब्दाविषयी मात्र थोडे सविस्तर लिहितो, कारण येथे शब्द चुकला तर केलेल्या कामाचा अर्थच उलटतो.

'नूतनीकरण' म्हणजे नवे करणे. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमध्ये नदीकाठी असलेल्या 'जेन्स कॅरोसेल'चे उदाहरण घ्या. हा १९२२ चा कॅरोसेल ओहायोतील यंगस्टाउनच्या आयडोरा पार्कमध्ये होता. १९८४ मध्ये आगीनंतर ते उद्यान बंद पडले आणि जेन वॉलेंटास व त्यांच्या पतीने लिलावात तो विकत घेतला. त्यानंतर जेन वॉलेंटास यांनी धारदार पात्याने घोड्यांवरचे रंगाचे थर खरवडत नेले आणि सगळ्यांत खालच्या मूळ छटांची नोंद करून त्याच छटांत ते घोडे पुन्हा रंगवले. २०११ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला. या सगळ्या खटाटोपात नवेपणा टाळणे हाच हेतू होता, मग त्याला 'नूतनीकरण' कसे म्हणावे? 'डागडुजी' हा शब्द सैल झालेला सांधा बसवणे किंवा फुटलेले लाकूड सांधणे एवढ्यापुरता ठीक आहे.

'जीर्णोद्धार' म्हटले की देऊळ आठवते, हे खरे. तरीही जर्मनीतील हानाऊ येथील कॅरोसेलला तो शब्द चपखल बसतो. १७८० च्या सुमारास बांधलेली ती वास्तू टेकाडावरच्या गोल देवळासारखीच दिसते, तिची यंत्रणा मंचाच्या खाली दडवलेली आहे, आणि दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर ती २०१६ मध्ये पुन्हा फिरू लागली. इमारत आणि यंत्र यांसाठी 'जीर्णोद्धार', तर घोड्यांच्या रंगकामासाठी 'मूळ रूपात आणणे' असा भेद मी करीन.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. हा भेद मी स्वीकारतो. 'रोमान्स साइड'चे काय?

तिसरे उत्तर

त्यासाठी शब्द घडवायची गरजच नाही. आपल्याकडे 'दर्शनी बाजू' हा रुळलेला शब्द आहे आणि अर्थही नेमका तोच आहे. पाहणाऱ्यांकडे असलेल्या बाजूवर आयाळीच्या बटा, फुले, झालरी आणि काचेचे खडे असतात, तर आसाकडच्या बाजूवर कारागिराने हात आखडता घेतलेला दिसतो. प्रत्यक्ष भेटीत मंच थांबलेला असताना एकाच घोड्याच्या दोन्ही बाजू अवश्य पाहाव्यात.

लेखात एक खबरदारी घ्यावी. दर्शनी बाजू उजवी की डावी, हे देशावर अवलंबून आहे. अमेरिकेतील कॅरोसेल वरून पाहता घड्याळाच्या उलट दिशेने फिरतात, त्यामुळे घोड्याची उजवी बाजू बाहेर येते आणि कडी ओढायला उजवा हात मोकळा राहतो. ब्रिटनमधील चक्र्या घड्याळाच्या दिशेने फिरतात, तेथे डावी बाजू बाहेर असते, आणि घोड्यावर डावीकडून चढण्याच्या रीतीशी हे जुळते. तेथे या चक्र्यांना 'गॅलपर्स' म्हणतात. किंग्ज लिनच्या फ्रेडरिक सॅव्हेज यांच्या कारखान्याने वाफेवर चालणाऱ्या अशा चक्र्यांमुळे नाव कमावले. त्यांत वरच्या क्रँकमुळे (फिरत्या वाकड्या दांड्यामुळे) घोडे वरखाली होत असल्याने ते दौडत असल्याचा भास होतो.

घोड्यांच्या प्रकारांसाठीही मराठी अपुरी पडत नाही. ज्याचे निदान तीन पाय मंचावर टेकलेले असतात तो 'उभा' घोडा. ज्याचे चारही पाय अधांतरी असून जो पितळी दांड्यासह वरखाली होतो, त्याला अमेरिकेत 'जंपर' म्हणतात. त्याला 'उडी मारणारा' म्हणण्यापेक्षा 'चौखूर' म्हणावे, कारण त्याची मुद्रा उडीची नसून भरधाव दौडीची असते.