सेकंडहँड गाडी आणि सीट बेल्टचा रिकॉल: तपासायचं कसं?

तळेगावकर
मंडळी, जानेवारीत २०२२ ची एसयूव्ही घेतली, सेकंडहँड. (कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर धागा भलतीकडेच जाईल.) परवा साडू म्हणाले, त्या वर्षीच्या बऱ्याच गाड्या सीट बेल्टसाठी परत बोलावल्या होत्या. आधीच्या मालकांना फोन केला तर, "काहीतरी मेसेज आला होता बुवा, पण बेल्ट तर लागत होता." सर्व्हिस बुकात नोंद नाही. गणपतीला कोकणात जायचंय, मागे आई आणि दोन्ही मुली. गॅरेजवाल्याने बेल्टला दोन हिसके देऊन "एकदम टाइट आहे साहेब" म्हणून सांगितलं. एवढं पुरे का?

पाना_पक्कड
नाही. हिसक्याने रीळ लॉक होतं की नाही एवढंच कळतं. बेल्ट बॉडीला जिथे जोडलाय तिथलं काहीच कळत नाही, आणि बऱ्याचदा घोळ तिथेच असतो.

मारुती असेल तर दोन रिकॉल वेगवेगळे धरा. डिसेंबर २०२२ चा ९,१२५ गाड्यांचा: सियाझ, ब्रेझा, अर्टिगा, एक्सएल६, ग्रँड विटारा, २ ते २८ नोव्हेंबरात बनलेल्या. त्यात पुढच्या बेल्टची खांद्याजवळची उंची वरखाली करायचा जो ॲडजस्टर असतो, त्यातल्या एका बारक्या भागाची शंका होती. दुसरा जानेवारी २०२३ चा, फक्त ग्रँड विटारा, ११,१७७ गाड्या, ८ ऑगस्ट ते १५ नोव्हेंबर २०२२. तो मागच्या बेल्टच्या ब्रॅकेटचा, काळाने सैल होऊ शकतो म्हणून. तुमच्या आई-मुलींच्या दृष्टीने हा महत्त्वाचा. टोयोटाची हायरायडर याच गाडीची जुळी बहीण, तिच्याही ४,०२६ बोलावल्या होत्या.

तारखा बनल्याच्या आहेत, पासिंगच्या नाहीत. जानेवारी २०२३ ला पासिंग झालेली गाडीही यात असू शकते. त्यामुळे महिन्यावरून अंदाज बांधत बसू नका, आरसीवरचा १७ अंकी-अक्षरी चॅसी नंबर कंपनीच्या साइटवर टाका. त्यात आय, ओ, क्यू ही अक्षरं नसतात, गोल दिसलं की शून्य.

मंजिरी_नाशिक
+१. मेसेज पहिल्या मालकाच्या मोबाइलवर जातो, आपल्याला कोण विचारतंय! माझ्याही गाडीचं असंच होतं. वर्कशॉपमध्ये ॲडव्हायझर म्हणे, "मॅडम, आता उशीर झाला, चार्ज लागेल." मी हटले नाही. म्हटलं, हाच नंबर टाकून बघा आणि पैसे लागणार असतील तर तसं लिहून द्या. दहा मिनिटांत "फ्री आहे मॅडम" झालं. मागची सीट उचलली तेव्हा खाली पार्लेजीचा भुगा, दोन रुपयांचं नाणं आणि लेकाचा हरवलेला खोडरबर निघाला. जॉब कार्डवर रिकॉलचं काम लिहून घ्या, नुसतं "जनरल चेकअप" चालणार नाही. गाडी विकताना उपयोगी पडतं.

एडिसनचा_अण्णा
इकडे अमेरिकेत एनएचटीएसएच्या (सरकारी रस्ता-सुरक्षा संस्था) साइटवर नंबर टाकला की बाकी रिकॉल दिसतात, मालक कितवाही असो. १९९५ साली ताकाता या जपानी कंपनीने बनवलेल्या बेल्टसाठी ८० लाखांहून जास्त जपानी बनावटीच्या गाड्या बोलावल्या होत्या. बकलचं लाल बटण ठिसूळ होऊन त्याचे तुकडे आत पडायचे. बेल्ट लागल्यासारखा वाटायचा, पण नीट अडकलेला नसायचा. म्हणून म्हणतो, "लागत होता" यावर जाऊ नका.

पाना_पक्कड
आणि अलार्म बंद करायची ती चपटी क्लिप आधीच्या मालकाने बकलमध्ये ठेवली असेल तर आधी ती फेका. जुन्या गाडीत हमखास सापडते. बेल्ट गॅरेजवाल्याकडून उघडवून घेऊ नका. पुढच्या बेल्टच्या प्रीटेन्शनरमध्ये (धडक बसताच बेल्ट आवळणारा भाग) बारूद असतं.

तळेगावकर
आभार मंडळी. नंबर टाकला, एक काम बाकी दाखवतंय. गुरुवारची वेळ मिळाली. क्लिपही सापडली, ग्लव्ह बॉक्समध्ये, दोन नग!
गॅरेजवाल्याला सांगितलं तर म्हणतो, "मग मी काय वेगळं बोललो? आत्ता तर टाइटच आहे ना."