ऑलिम्पस ट्रिप ३५ घ्यावा का?

प्रश्न (परभणी):
मामांच्या ओळखीच्या बंद पडलेल्या फोटो स्टुडिओत ऑलिम्पस ट्रिप ३५ हा जुना रोलचा कॅमेरा आहे. मालक २००० रुपये म्हणतात. पण सेल टाकायला जागाच सापडत नाही, म्हणून धाकधूक वाटते. काय बघून घेऊ?

उत्तर (जालना):
ताई, त्याला सेल लागतच नाही! लेन्सभोवतीच्या खडबडीत काचेमागे सेलेनियमचा उजेड मोजणारा मीटर असतो, तो उजेडावरच चालतो. लेन्सवरची रिंग ‘ए’वर ठेवा, मागचं चाक अडेपर्यंत फिरवा, लेन्स हाताने पूर्ण झाकून बटण दाबा. डोळा लावायच्या खिडकीतून बघताना लाल पट्टी वर आली आणि शटर अडलं, तर मीटर जिवंत आहे.
मग मागचं झाकण उघडून खाचेतला, उजेड अडवणारा काळा फोम बघा. माझ्यातला डांबरासारखा चिकट झाला होता. पहिल्याच रोलवर, हुरड्याच्या फोटोंवर, उजेडाचे पट्टे आले. शेतात बसलेल्या आजीचा शेवटचा फोटो त्यातच होता. अजून सलतं. फोम आधी बदला, रोल मग भरा.

प्रश्नकर्ती:
लाल पट्टी आली दादा! पण लेन्समध्ये जाळ्यासारखं काहीतरी दिसतंय.

उत्तर (जालना):
ती बुरशी. टॉर्च मारून बघा. कडेला थोडी असेल तर चालेल, मधोमध पसरली असेल तर राहू द्या. चामड्याच्या कव्हरात ठेवू नका, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलची पुडी घातलेला घट्ट डबा बरा. आणि मे महिन्यात रोल गाडीत विसरू नका, आपल्याकडचं ऊन त्याला सोसत नाही.