गोदामाच्या डिंपल चाव्यांची डुप्लिकेट कशी थांबवायची?

प्रश्न (लातूर): एमआयडीसीतल्या सोयाबीन गोदामाला ९ दारं आहेत. सगळीकडे मॉर्टिस लॉक (दाराच्या जाडीत बसवलेलं कुलूप), युरो सिलिंडर (चावी जाते तो बदलता येणारा भाग), डिंपल चावी (दात्यांऐवजी खड्डे असलेली). मुनीम, सुपरवायझर, वॉचमन, प्रत्येकाकडे पूर्ण जुडगा. चावीवर ‘डुप्लिकेट करू नये’ असं छापलंय, तरी बाजारात लगेच करून मिळते. सगळी कुलपं बदलावी लागतील का?

उत्तर १ (जालना): कुलपं राहू द्या, सिलिंडर तेवढे बदला. त्या छापील अक्षरांनी कुणी अडत नाही. चावीवाला अडतो तो कोरी चावी, म्हणजे ब्लँक मिळत नाही म्हणून. तुमच्या चावीचा ब्लँक बाजारात आहे आणि डिंपल मशीन त्यावर हवे ते खड्डे पाडून देतं.

म्हणून पेटंट चालू असलेली प्रोफाइल (चावीच्या पट्टीचा आकार) मागा आणि पेटंट कोणत्या साली संपतं ते बिलावर लिहून घ्या. पेटंटला अर्जापासून २० वर्षांची मुदत असते. ती संपली की दुसऱ्यांना तसे ब्लँक काढता येतात, मग कार्ड (जे दाखवल्यावरच डुप्लिकेट चावी मिळते ते) असून नसून सारखंच. शक्यतो चावीतच हलता भाग किंवा चुंबक असलेली घ्या. मल-टी-लॉक कंपनीच्या इंटरअ‍ॅक्टिव्ह चावीत हलती पिन असते, एव्हा कंपनीच्या एमसीएस चावीत चुंबकं असतात, ती सिलिंडरमधली चुंबकं फिरवतात. नुसता आकार उतरवून ही कुलपं उघडत नाहीत.

कार्ड मालकाच्या तिजोरीत ठेवा, मुनीमजींकडे नको. चावीवर कोड कोरलेला असेल तर मोबाइलमधला एक फोटोही पुरतो. कोडऐवजी आपला साधा अनुक्रमांक पाडून घ्या.

उत्तर २ (नांदेड): नव्या सिलिंडरसाठी माप मधल्या स्क्रूच्या भोकापासून दोन्ही बाजूंना वेगळं घ्या, ३०-४० मिमी असं. सिलिंडर हँडलच्या पट्टीबाहेर ३ मिमीपेक्षा जास्त आला तर पान्यात धरून मोडतात, आणि तो भोकापाशीच तुटतो, कारण तिथं धातू सगळ्यात कमी. बदलताना दार उघडं ठेवा, कडेचा एम ५ स्क्रू काढा, चावी जराशी फिरवून कॅम (सिलिंडरच्या मध्यावरची फिरणारी जीभ) सिलिंडरच्या अंगाच्या रेषेत आणा, सिलिंडर सरळ बाहेर येतो.

प्रश्नकर्ता: तिघांना मास्टर चावी (सगळी दारं उघडणारी एकच चावी) दिली तर?

उत्तर १: अजिबात नको, भाऊ. ती हरवली की नऊच्या नऊ सिलिंडर बदलावे लागतात. वॉचमनला फक्त गेटची, मुनीमजींना ऑफिसची, सुपरवायझरला गोदामाची द्या. मास्टर एकच, ती घरी. काम सोडताना क्रमांक पाहून चावी परत घ्या आणि मगच हिशेब करा.