फ्लॅट ३०२ च्या बिलातला कोविड दंड (सोसायटीच्या ग्रुपवरून)

बी-३०२: नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी सकाळी त्रास देतोय पण अर्जंट आहे. बाबांचा फ्लॅट विकतोय हे बहुतेकांना माहितीये, घेणाऱ्यांच्या बँकेला सोसायटीचं नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नसल्याचं पत्र हवंय आणि ऑफिसमधून जो हिशोब आला त्यात "कोविड दंड ३,००० व्याज ३,१५०" असं आहे. आधी हसलोच. मग तारीख बघितली, जुलै २०२०. आई तेव्हा अंथरुणावर होती, तिचं सगळं करायला बाई यायच्या, सहा वेळा वर आल्या म्हणून सहा वेळा ५०० लावलेत. हे पैसे मी भरणार नाही.

खजिनदार: दादा ही एंट्री माझ्या काळातली नाही. जुना बॅलन्स पुढे पुढे येतोय, २१ टक्के व्याज सॉफ्टवेअर आपोआप लावतं.

सी-२०१: पाच वर्षं बिलात दिसलं नाही का तुम्हाला

बी-३०२: दिसलं ना. बाबा दर वेळी तेवढी रक्कम वजा करून चेक द्यायचे, मागे पेन्सिलने लिहायचे "दंड अमान्य". मला हे आत्ता चेकबुकाची अर्धुकं चाळताना कळलं.

ए-७०१ काका: मी तेव्हा सेक्रेटरी होतो त्यामुळे मीच बोलतो. आज पंख्याखाली बसून लिहिणं सोपं आहे. बिल्डिंग सील होती, खाली बांबू बांधलेले, सी विंगमधले एक जण गेले त्यांना शेवटचं बघायलाही कोणी जाऊ शकलं नाही, आणि याच ग्रुपवर मला रात्री बारा बारापर्यंत मेसेज यायचे की अमक्याकडे बाई आली तमक्याकडे दूधवाला वर गेला तुम्ही करताय काय. दंड लावा असं मी एकटा म्हणत नव्हतो, २३ अंगठे आले होते त्या मेसेजला. स्क्रीनशॉट आहे माझ्याकडे.

ए-२०५ काकू: अंगठ्यावर दंड लागतो होय 😀

डी-४०४: अहो काकू तेव्हा सगळं असंच चाललेलं. २८ जून २०२० आठवा, पोलिसांनी सांगितलं घरापासून २ किलोमीटरच्या पुढे विनाकारण जायचं नाही, हजारो गाड्या उचलल्या, मी ऑफिसचं पत्र खिशात घेऊन निघालो तरी नाक्यावर दीड तास उभा. आठवड्याभरात नियम गायब. मग एप्रिल २०२१ ला स्टिकर, डॉक्टरला लाल भाजीवाल्याला हिरवा बाकी अत्यावश्यकला पिवळा, मी पिवळा कागद गोल कापून काचेला लावेपर्यंत तोही रद्द.

सी-५०३ वकील ताई: ७०१ काका, तुमच्या हेतूबद्दल कोणी शंका घेत नाहीये. प्रश्न अधिकाराचा आहे. सरकारकडे दोन कायदे होते, एक १८९७ चा साथरोग कायदा, तो मुळात आपल्या मुंबईच्या प्लेगमुळे आला, मांडवीत १८९६ ला साथ सुरू झाली तेव्हा. दुसरा २००५ चा आपत्ती व्यवस्थापन कायदा. दोन्हीत शिक्षा आहे, पण ती द्यायची कोर्टाने. सोसायटीच्या सेक्रेटरीने दंड लावावा असं दोन्हीत कुठेच नाही.

ए-७०१ काका: बायलॉजमध्ये, सोसायटीच्या नियमावलीत, आहे दंडाची तरतूद.

सी-५०३ वकील ताई: आहे, १६५ नंबर. त्यात कुठल्या गोष्टीला किती दंड हे आधी जनरल बॉडीने ठरवायचं, मग सभासदाला कारणे दाखवा नोटीस द्यायची, त्याचं ऐकून घ्यायचं, आणि वर्षाला ५,००० च्या वर जायचं नाही. जुलै २०२० ला आपली जनरल बॉडी झाली होती का?

ए-७०१ काका: जमावबंदीत कुठून घेणार होतो? १४४ लागू होतं.

सी-५०३ वकील ताई: मग दंडही थांबायला हवा होता ना काका.

ए-२०५ काकू: आणि घरकाम करणाऱ्या बायकांना सोसायट्यांनी अडवू नये असं सरकारनेच सांगितलं होतं की. मी तेव्हा पेपरचं कात्रण खाली बोर्डवर लावलं होतं, दुसऱ्या दिवशी कोणीतरी काढलं. कोणी ते मी आता सांगत नाही.

डी-१०३: पांढरी वॅगनआर कोणाची आहे गेटसमोर? टँकर आत येत नाहीये

सी-२०१: पण एक सांगा, कायदा बघत बसलो असतो तर अजून माणसं गेली असती. नियम चुकीचे असतील पण लोकांनी पाळले म्हणून वाचलो.

सी-५०३ वकील ताई: नियम नकोत असं मी म्हणतच नाहीये. सही कोणाची, एवढंच विचारतेय. लोकल ट्रेनचंच घ्या. १५ ऑगस्ट २०२१ पासून दोन डोस आणि वर १४ दिवस झाले असतील तरच पास. हायकोर्टात त्यावर जनहित याचिका झाली, फेब्रुवारी २०२२ ला मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठासमोर निघालं काय तर राज्य कार्यकारी समितीने घ्यायचा निर्णय तेव्हाच्या मुख्य सचिवांनी एकट्याच्या सहीने काढलेला. कोर्ट म्हणालं हे नियमात बसत नाही, मागे घ्या. सरकारने ते आदेश काढून घेतले आणि १ मार्चला रीतसर सह्या करून जवळपास तोच नियम परत आणला! एप्रिलमध्ये गुढीपाडव्याला निर्बंध उठले तेव्हा कुठे ते संपलं.

डी-४०४: म्हणजे कोर्टात जिंकून पण तिकीट नाहीच 😂

ए-७०१ काका: बघा, म्हणजे निर्णय बरोबरच होता, कागद चुकला होता.

सी-५०३ वकील ताई: तेही पूर्ण खरं नाही. २ मे २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की कोणावर लस घ्यायची सक्ती करता येत नाही, आणि रुग्ण कमी असताना न घेतलेल्यांवर घातलेली बंधनं प्रमाणात नाहीत. लसीकरणाचं धोरण मात्र योग्यच ठरवलं. दोन्ही बाजूंना आपापल्या सोयीचं वाक्य मिळालं त्यात.

डी-३०१: मी मध्ये बोलते. माझ्या मुलावर तेव्हा १८८ लागलं होतं, सरकारी आदेश मोडल्याचं कलम, रात्री औषध आणायला गेला आणि मास्क हनुवटीवर होता म्हणून. खरं तर १८८ मध्ये कोर्ट आदेश काढणाऱ्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीशिवाय दखल घेत नव्हतं म्हणे, पण तो विचार करायला वेळ कोणाला, आम्ही वर्षभर पासपोर्टच्या व्हेरिफिकेशनच्या काळजीत. २०२२ ला गृहमंत्री वळसे पाटलांनी जाहीर केलं की या केसेस मागे घेणार तेव्हा जरा झोप लागली. त्यामुळे "तेव्हा काळच तसा होता" हे वाक्य मला ऐकवत नाही, माफ करा.

सी-२०१: सरकार कोणाचं होतं तेव्हा तेही सांगा

ॲडमिन: राजकारण नको. दुसऱ्यांदा सांगतोय.

(सी-२०१ यांनी हा मेसेज डिलीट केला)

बी-३०२: काका, मला भांडायचं नाहीये. तुम्ही बाबांना इंजेक्शन आणून दिलं होतंत ते मी विसरलेलो नाही. पण त्या बाई गेटवर रडत उभ्या होत्या आणि वॉचमन म्हणत होता वही लिहा, वही लिहा. आई वर ओली पडलेली. त्या वहीतले सहा टिकमार्क म्हणजे हे ३,०००.

बराच वेळ कोणी काही लिहिलं नाही.

ए-७०१ काका: तुझ्या आईचं मला माहीत होतं. सूट दिली असती तर दुसऱ्या दिवशी दहा जण उभे राहिले असते. तरी द्यायला हवी होती. रद्द करा ती एंट्री, मी विरोध करणार नाही.

सेक्रेटरी: तोंडी नको आता, तेच परत होईल. पुढच्या जनरल बॉडीच्या अजेंड्यावर घेतो, ठराव करून सगळ्यांचीच कोविड दंडाची बाकी व्याजासकट काढू. ३०२ ला तोपर्यंत थांबवायला नको, मेंटेनन्स क्लिअर आहे तसं पत्र उद्या देतो, वादग्रस्त रक्कम वेगळी दाखवून. आणि ट्रान्सफरला सोसायटीची एनओसी मॉडेल बायलॉजप्रमाणे लागतही नाही, ३८ मध्ये आहे, बँकेला सांगा.

बी-३०२: चालेल. धन्यवाद.

डी-१०३: वॅगनआर!!

ए-२०५ काकू: सेक्रेटरीसाहेब, एक विचारू का. मी तेव्हा मुकाट्याने १,५०० भरले होते. बाकी माझ्यावर काहीच नाही. मला परत मिळणार का? पावती ठेवलीये.

खजिनदार: काकू, पावतीचा फोटो मला पर्सनलवर टाका.