मदत हवी आहे: ओसीटीत (धमनीच्या आतून प्रकाशाने काढलेल्या चित्रात) वरच्या टोकाला रक्त राहतंय

मडगाव-पणजीकडच्या कॅथलॅबमधल्या मंडळींनो, सल्ला हवा आहे. एलएडीच्या (हृदयाच्या पुढच्या मुख्य धमनीच्या) मधल्या भागात दाट कॅल्शियम, क्रिएटिनिन २.१, म्हणजे किडनी कमजोर. ओसीटीसाठी रक्त बाजूला सारायला सेकंदाला ४ मिली, एकूण १४ मिली कॉन्ट्रास्ट (एक्स-रेत दिसणारा द्रव) दिला. कॅथेटर आधी कॉन्ट्रास्टने धुऊन घेतला होता, तरी वरच्या टोकाचे १५ मिमी रक्ताच्या भोवऱ्यात गेले. गाईडचं (ज्यातून कॉन्ट्रास्ट सोडतो त्या नळीचं) तोंड धमनीच्या रेषेत नसावं, असं वाटतं.

खालचं चित्र मात्र लख्ख: कॅल्शियमचा कंस २७० अंश, जाडी ०.६ मिमी, लांबी ८ मिमी. आधी कॅल्शियम फोडल्याशिवाय स्टेंट पुरता उघडणार नाही.

किडनीमुळे कॉन्ट्रास्टचे झोत वाढवायचे नाहीत. सलाईन पातळ, रक्त नीट सरत नाही. कोणी डेक्स्ट्रान (सलाईनपेक्षा दाट द्रावण) वापरलंय का? किती मिली, किती वेगाने? की आयव्हीयूएस (धमनीच्या आतून सोनोग्राफी) घ्यावं? त्याला कॉन्ट्रास्ट लागत नाही, पण कॅल्शियममागे सावली पडते नि जाडी मोजता येत नाही. मग रोटा (फिरत्या टोकाने कॅल्शियम घासणं) की लिथोट्रिप्सी (धक्कालहरींनी फोडणं) कशावर ठरवता?

आणि गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत या ओसीटी-आयव्हीयूएस कॅथेटरचा खर्च बसवता येतो का? रुग्णाच्या घरच्यांना आधी सांगावं लागेल.