कॉर्डलेस ड्रिल घ्यायचंय: 12 व्होल्ट की 18? आणि इम्पॅक्ट ड्रायव्हर वेगळा लागतो का?

खटपट्या:
मंडळी, घरातली बारीकसारीक कामं आता स्वतःच करतो, म्हणजे कपाटाच्या बिजागऱ्या, फळ्या ठोकणं, सुटे भाग येतात ते फर्निचर जोडणं, पडद्याचे रॉड वगैरे. आत्तापर्यंत हातोडी, पक्कड आणि दोन स्क्रू ड्रायव्हरवर भागवलं पण पन्नास-साठ स्क्रू हाताने पिळले की मनगटाची वाट लागते. म्हणून कॉर्डलेस घ्यायचं ठरवलं आणि बघायला बसलो तर डोकंच फिरलं. कुठे 12 व्होल्ट, कुठे 18, कुठे 20, 21, एका डब्यावर तर चक्क 48 लिहिलंय आणि तो सगळ्यात स्वस्त! वर ड्रिल ड्रायव्हर, हॅमर ड्रिल, इम्पॅक्ट ड्रिल, इम्पॅक्ट ड्रायव्हर, रोटरी हॅमर. ब्रशलेसला जास्त पैसे मोजण्यात अर्थ आहे का? आणि ते शंभर पीसचं सगळं एकत्र असलेलं किट घेतलं तर एकदाच सुटका होईल का? सरळ साध्या भाषेत सांगा, वारंटी आणि रंग मी बघून घेतो.

सेल_मोजा:
आधी व्होल्टचा घोळ मिटवू. लिथियम आयनचा एक सेल नॉर्मल चालताना 3.6 व्होल्टचा धरतात, पाच सेल एका ओळीत जोडले की 18 झाले. तोच सेल फुल चार्ज असताना साधारण 4 ते 4.2 पर्यंत जातो, म्हणून त्याच पॅकला कोणी 20 म्हणतं कोणी 21. माल तोच, छापायची पद्धत वेगळी. 12 वाले म्हणजे तीन सेल, खरा हिशोब 10.8. आणि ते 48, 88 वगैरे जे लिहितात ते बहुतेक वेळा नुसते आकडे असतात, आत उघडून बघितलं तर सेल तेच पाच किंवा त्याहून कमी. त्यामुळे डब्यावरचा मोठा आकडा विसर, पॅकवर बारीक अक्षरात वॉट अवर लिहिलेले असतात ते वाच. 18 व्होल्ट 4 अँपिअर अवर म्हणजे 72 वॉट अवर, 12 वाला 2 अँपिअर अवरचा पॅक म्हणजे 10.8 च्या हिशोबाने जेमतेम 22. पॅकमध्ये जीव किती ते यावरून कळतं.

दुसरं, तू ड्रिल नाही बॅटरी विकत घेतोयस असं समज, कारण एकदा एका कंपनीची बॅटरी आणि चार्जर आला की पुढची करवत, ग्राइंडर, ब्लोअर सगळं नुसतं बॉडी घेऊन चालतं आणि बरंच स्वस्त पडतं. म्हणून ती बॅटरी किती वर्षं टिकून आहे आणि त्यावर काय काय चालतं ते बघ. मकिता कंपनीची 18 व्होल्टची एलएक्सटी नावाची बॅटरी 2005 पासून चालत आलीय. आणि एकच कंपनी म्हणजे एकच बॅटरी असंही नाही हां, बॉशच्या निळ्या (कारागिरांसाठीच्या) आणि हिरव्या (घरगुती) टूलच्या 18 व्होल्टच्या बॅटऱ्या एकमेकांना बसत नाहीत, घेताना बऱ्याच लोकांच्या हे लक्षातच येत नाही. एका कंपनीची बॅटरी दुसऱ्या टूलला लावायचे अडॅप्टर मिळतात, त्यांच्या नादी लागू नकोस. काही कंपन्या बॅटरी फार उतरू नये म्हणून जे सर्किट असतं ते पॅकमध्ये देतात, काही टूलमध्ये देतात. चुकीची जोडी जमली की दोन्हीकडे ते सर्किट नसतं आणि पॅक पार उतरून मरतो.

ब्रशलेसचं म्हणशील तर मोटरमधले कार्बनचे ब्रश नसतात, त्यामुळे ते घासत नाहीत, ठिणग्या नाहीत, त्याच बॅटरीत काम जास्त निघतं आणि मशीन आखूड होतं. घरी महिन्यातून एकदा वापरणार असशील तर ब्रशवाली मोटरसुद्धा वर्षानुवर्षं जाईल. परवडत असेल तर घे, नाहीतर तेच पैसे चांगल्या बिट्सवर (मशीनच्या पुढे बसवायची स्क्रूची आणि भोकाची टोकं) घाल.

पटाशीवाला:
बॅटरीचं वर बरोबर सांगितलंय. मी मशीनच्या प्रकाराबद्दल लिहितो कारण खरी फसगत तिथे होते.

ड्रिल ड्रायव्हर म्हणजे साधं गोल फिरणारं, पुढे चक (बिट पकडणारा जबडा), मागे आकडे असलेली रिंग. ती रिंग म्हणजे क्लच. स्क्रू बसला की कटकट आवाज करून सुटतं, त्यामुळे पार्टिकल बोर्डात स्क्रूचे आटे कातून जात नाहीत. फर्निचर जोडायला हेच, आणि क्लच कमी आकड्यावर ठेवून सुरुवात करा, लागेल तसं वाढवा. पुष्कळ लोक रिंग कायम ड्रिलच्या चिन्हावर ठेवून स्क्रू मारतात आणि मग बोर्ड भुसभुशीत आहे म्हणून बोंबलतात, त्या चिन्हावर क्लच बंद असतो हो.

इम्पॅक्ट ड्रायव्हरला चक नसतो, पाव इंची षटकोनी बिट खटकन बसते. स्क्रू जड जायला लागला की आतला हातोडा फिरण्याच्या दिशेने टोले देतो, पुढच्या दिशेने नाही. म्हणून लांब स्क्रू जाड लाकडात लोण्यासारखे जातात आणि मनगटाला झटका बसत नाही, पण भिंतीला भोक पाडायला त्याचा काही उपयोग नाही. आवाज मात्र भयंकर, कानाला काहीतरी लावा. आणि दुकानात ज्याला इम्पॅक्ट ड्रिल म्हणतात ते हे नव्हे, ते म्हणजे हॅमर ड्रिलच. एकदा ही दोन नावं वेगळी ठेवली की निम्मा घोळ सुटतो.

हॅमर ड्रिलमध्ये दातेरी चकत्या एकमेकांवरून खडखडत जातात, बिट पुढेमागे थरथरते. तुम्ही मागून दाबाल तेवढाच मार. विटेत मस्त चालतं. पण पडद्याचा रॉड म्हणालात ना, तिथे गंमत आहे. खिडकीच्या वर बहुतेक ठिकाणी काँक्रीटचा लिंटेल (आडवी तुळई) असतो, म्हणजे नेमकी तिथेच भिंत सगळ्यात कडक. छोटं कॉर्डलेस हॅमर तिथे नुसतं गुरगुरतं, भोक इंचभर पण जात नाही, बिट लाल होते आणि माणूस वैतागून अजून दाबतो. त्याला रोटरी हॅमर लागतो, एसडीएस बिटवाला (मागे खाचा असलेली, खटकन अडकणारी बिट), त्यात हवेच्या दाबाने पिस्टन टोला देतो, तुम्ही फक्त धरायचं. असं काम वर्षातून एकदा असेल तर ते मशीन भाड्याने आणा किंवा कोणाचं तरी मागून आणा.

टॉर्कचा, म्हणजे पिळण्याच्या जोराचा, आकडा बघताना हार्ड (धातूसारख्या कडक जोडातला) आणि सॉफ्ट (लाकडासारख्या मऊ जोडातला) असे दोन असतात, डब्यावर मोठ्ठा छापलेला हार्ड असतो. लाकडात स्क्रू मारताना कामाला येतो तो सॉफ्ट.

थोडक्यात तुमच्या यादीला 12 व्होल्टचा ड्रिल ड्रायव्हर पुरतो. पुढे लाकूडकाम वाढवायचा विचार पक्का असेल तरच 18.

अनघड:
12 ला माझंही मत. कपाटाच्या आत मान वाकडी करून किंवा डोक्याच्या वर हात धरून दहा मिनिटं काम केलंत की कळतं, किलोभराचं मशीन आणि मोठी बॅटरी लावलेलं दोन किलोचं मशीन यात जमीन अस्मानाचा फरक आहे. शिवाय आखूड असल्यामुळे ड्रॉवरच्या आत मावतं. 18 वाल्यांचा उत्साह मला कळतो पण घरी त्यातला निम्मा जोर नुसता उचलायलाच लागतो.

उगाच_एक:
सगळे बॅटरीवर तुटून पडलेत, मी उलटं बोलतो. ते शंभर पीसचं किट घेऊ नका. त्यात साठ बिट्स अशा असतात ज्यांचे स्क्रू आयुष्यात दिसत नाहीत, आणि जी रोज लागते ती दोन नंबरची फिलिप्स (साध्या चौकडीची) मऊ लोखंडाची. स्क्रूचं डोकं खराब होतं ते नव्वद टक्के चुकीच्या मापामुळे. फर्निचरच्या स्क्रूवर मुख्य चौकडीच्या मधे अजून चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह, त्याला पीझेड 2 लावा, फिलिप्स त्यात बसल्यासारखी वाटते आणि जोर आला की उसळून बाहेर येते. दोन्ही घेऊन ठेवा, पण चांगल्या.

मग हाताची अवजारं, आणि ती एकेक करून, लागतील तशी:
पाना अॅडजस्टेबल असेल तर असा धरा की जोर स्थिर जबड्यावर येईल, हलत्या जबड्यावर आला की तो सैल होत जातो आणि नटाचे कोपरे गोल होतात. पकडीने नट फिरवणं तर पापच. लेव्हल घेताना दुकानातच तपासा, एका जागी ठेवून बुडबुडा बघायचा, मग तिथेच डावं टोक उजवीकडे येईल अशी फिरवून ठेवायची, बुडबुडा त्याच जागी आला तर ठीक, नाहीतर परत द्या. आणि मोजपट्टीच्या टोकाचा हुक हलतो म्हणून त्याला ठोकून घट्ट करणारे महाभाग मी पाहिलेत!! तो मुद्दाम सैल असतो, हुकाच्या जाडीएवढाच सरकतो, म्हणजे अडकवून ओढलं किंवा आतून टेकवलं तरी माप बरोबर येतं.

पटाशी घेतलीत तर धारेचा दगड पण घ्या. बोथट पटाशीला जोर जास्त लावावा लागतो आणि ती घसरली की हातातच जाते. याबद्दल पटाशीवाले जास्त सांगतील, नावच तसं आहे.

पटाशीवाला:
सांगतो की. 25 अंशाची धार, टोकाला 30 चा बारीक कोन, आणि मागची बाजू सपाट. दुसरा हात कधीच पटाशीच्या पुढे नको, बस. कागद सरळ कापला गेला म्हणजे धार झाली.

खटपट्या:
भारी! 12 चं ब्रशवालं घेतो, उरलेल्या पैशात बिट्स, लेव्हल आणि नीट पाना. रोटरी हॅमर एका मित्राकडे आहे, वायरवाला, तो चालेल ना? अजून दोन शंका. एक, प्लायमध्ये स्क्रू मारताना कडेला फाटतं. दोन, बाथरूमच्या टाइल्सवर स्टँड लावायचाय, बिट घसरते.

पटाशीवाला:
वायरवाला उत्तमच, काँक्रीटला बॅटरीचा काही सोस नको. प्लायच्या कडेत मारताना आधी बारीक भोक करा, 4 मिलीमीटरचा स्क्रू असेल तर अडीच ते तीनचं, आणि अगदी कडेला जाऊ नका, शक्य तर क्लॅम्पने दाबून धरा म्हणजे थर उकलत नाहीत.

सेल_मोजा:
टाइलला हॅमर बंद, पूर्ण बंद. खुणेवर मास्किंग टेप लाव, भाल्यासारखं टोक असलेली टाइलची बिट किंवा डायमंडची घे, हळू फिरव, ओल्या स्पंजने गार करत राहा, पण पाणी मशीनवर ओतू नकोस. टाइल पार झाली की भिंतीची बिट लावून मग हॅमर चालू. गिट्टी (स्क्रू धरायला भोकात बसवायचा प्लग) 6 मिलीमीटरची असेल तर भोक पण 6 चंच, मोठं पाडून काड्या कोंबायच्या नाहीत.

बॅटरी महिनाभर पडून राहणार असेल तर साधारण अर्धी चार्ज ठेव आणि उन्हात किंवा गाडीत तापत ठेवू नकोस.

अनघड:
आणि बाथरूममध्ये भोक मारायच्या आधी नळाचा पाइप आणि वायर कुठून गेलीय ते बघा. स्विचबोर्डच्या आणि नळाच्या सरळ वर, सरळ खाली किंवा त्याच रेषेत आडवं मारू नका, पाइप बहुतेक त्याच रेषेत असतो. गॉगल लावा, आणि ड्रिल चालवताना हातमोजे नकोत, सैल कापड बिटला गुंडाळलं की हात ओढला जातो.