सीपेज म्हणून क्लेम उडवला असेल तर

वरच्या फ्लॅटचा पाइप फुटून हॉलचं सीलिंग गेलं आणि विमा कंपनी म्हणतेय हे सीपेज (हळूहळू मुरलेली ओल) आहे, क्लेम बसत नाही. अहो पण आधी पॉलिसी कुठली ते बघा, भारत गृह रक्षा असेल (घराच्या विम्याची स्टँडर्ड पॉलिसी, एप्रिल २०२१ पासून आलेली) तर त्यात पाण्याची टाकी किंवा पाइप फुटून, ओव्हरफ्लो होऊन झालेलं नुकसान कव्हर आहे. हळूहळू मुरलेली ओल मात्र धरत नाहीत, आणि सगळी मारामारी इथेच होते. म्हणून प्लंबरकडून पाइप नेमका कुठे फुटला ते लेखी घ्या, फुटलेला तुकडा फेकू नका, सोसायटीला तेव्हाच मेल केला असेल तर तोही जोडा. सर्व्हेयर (नुकसान तपासणारा माणूस) यायच्या आधी पीओपी पाडून रंग मारून मोकळं होऊ नका, पाणी बंद करा, सामान हलवा, पण फोटो काढून मगच. फर्निचर वगैरेचं म्हणाल तर बिल्डिंगच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत सामान आपोआप धरलेलं असतं, एजंट हे क्वचितच सांगतात. तरी नाहीच म्हणाले तर कंपनीच्या तक्रार विभागाला लेखी द्या, महिन्याभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर विमा लोकपालाकडे (विम्याच्या तक्रारींचा निवाडा करणारा अधिकारी) जा, मुंबई पुण्यात ऑफिस आहे, फी नाही, वकीलही लागत नाही.